वसतिगृहाच्या जागेवरील पाझर चाचण्या: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

अमळनेर–पारोळा पट्ट्यात, बोरी नदीच्या खोऱ्यातील एक एकर जागेवर मुलींचे वसतिगृह बांधायचे आहे. साठ मुली आणि चार कर्मचारी येथे कायम राहतील. गावात भुयारी गटार नाही. त्यामुळे स्नानगृहे, शौचालये आणि स्वयंपाकघर यांचे सारे पाणी सेप्टिक टाकीतून पुढे याच जमिनीत जिरवावे लागेल. जागा पूर्व–पश्चिम लांब असून उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, नाल्याच्या दिशेने आहे. हाती आलेल्या आराखड्यात इमारत आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे मुरमाच्या उंच भागावर दाखवली आहे, तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा पश्चिमेकडील काळ्या जमिनीत. त्यासोबत एक पानाचा अहवाल जोडलेला असून ‘जमीन पाणी उत्तम पिते’ एवढाच त्याचा निष्कर्ष आहे. चाचणी कोणत्या खोलीवर झाली, आधी जमीन भिजवली होती का, शेवटचे माप किती आले, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही.

संस्थेच्या विश्वस्तांना पायाची आखणी अक्षय्य तृतीयेच्या आसपास करायची आहे. आखणीपूर्वी संपूर्ण जागेची पाझर चाचणी होऊ द्यावी, अशी विनंती मी केली आणि त्यांनी ती मान्य केली. पाणी कोठे मुरेल हे ठरण्याआधी इमारतीची जागा ठरवणे मला धोक्याचे वाटते, कारण इमारतीची जागा एकदा पक्की झाली की पाण्याच्या वाट्याला उरलेली जमीन येते, आणि ती बहुधा कोणालाच नको असलेली असते.

८ एप्रिल

जेसीबीने पाहणीचे खड्डे घेतले. पश्चिमेकडे वरपासून २.४ मीटरपर्यंत सलग काळी माती असून तिच्या तळाशी चुनखडीचे बारीक खडे मिसळलेले आहेत. त्याखाली पिवळसर मुरूम लागतो. आग्नेयेस मात्र ६० ते ७० सेंटिमीटरवरच मुरूम येतो. ईशान्येस तो १.४ मीटरवर आहे. उत्तर हद्दीच्या मध्यावर एक जुना निंब आहे. त्याच्याजवळच्या खड्ड्यात ७५ सेंटिमीटरखाली फुटीर काळा खडक लागला, ज्याच्या सांध्यांमध्ये मुळे उतरलेली दिसतात.

काळ्या जमिनीच्या भेगा या दिवसांत पूर्ण उघडलेल्या आहेत. तोंडाशी चार ते पाच सेंटिमीटर रुंद असलेल्या एका भेगेत बांबूची चिप सोडली, ती ७० सेंटिमीटर खाली गेल्यावरच अडली. ही जमीन आत्ता किती पाणी पिईल याचे उत्तर त्या भेगेतच आहे, आणि म्हणून ते उत्तर आराखड्यासाठी वापरता येणार नाही.

शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना सारे नाना म्हणतात, खड्डे पाहायला आले होते. पश्चिमेकडे हात करून ते म्हणाले, “आठे पानी थांबस, तठे निंबजोडे मुरी जास.” म्हणजे येथे पाणी थांबते, तेथे निंबाजवळ मुरून जाते. जमिनीवर कित्येक पावसाळे काढलेल्या माणसाची ही माहिती असल्यामुळे चाचणीच्या छिद्रांची जागा ठरवताना मी तिला पहिले स्थान दिले.

१० एप्रिल

छिद्रे घेतली. पश्चिमेस ख-१ आणि ख-२, निंबाजवळ ख-३, आग्नेयेस ख-४, ख-५ आणि ख-६, ईशान्येस ख-७. व्यास १५ सेंटिमीटर, खोली ९० सेंटिमीटर, कारण पुढे सांडपाणी जिरवण्यासाठी चर खणले तर त्यांचा तळ साधारण याच पातळीवर येईल. चाचणी नेहमी पाणी ज्या थरात सोडायचे त्याच थरात घ्यावी लागते. वरच्या नांगरटीच्या मातीत घेतलेले माप खालच्या थराबद्दल काहीही सांगत नाही.

ऑगर, म्हणजे छिद्र पाडण्याचे पाते, फिरवल्यावर काळ्या मातीच्या छिद्राची आतली बाजू अक्षरशः चकाकत होती. पात्याच्या दाबाने मातीची बारीक रंध्रे लिंपली जातात आणि अशा छिद्रात पाणी भरल्यास जमीन आहे त्याहून अधिक चिवट वाटते. म्हणून एका काठीला खिळे ठोकून तिने प्रत्येक छिद्राच्या बाजू वरून खाली खरवडल्या, सुटलेली माती हाताने काढली आणि तळाशी ५ सेंटिमीटर जाडीची धुतलेली बारीक खडी घातली, जेणेकरून वरून ओतलेल्या पाण्याच्या धारेने तळ ढवळला जाऊ नये. टँकरचे पाणी गढूळ होते. ते ड्रममध्ये रात्रभर निवळू दिले आणि वरचे स्वच्छ पाणीच वापरण्याचे ठरवले, कारण पाण्यातील गाळ छिद्राच्या तळाशी बसला तर आपण मोजतो तो पाझर त्या गाळाचा असतो.

११ एप्रिल

सकाळी सर्व छिद्रांत खडीच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरले. ख-१ मधील पाणी अकरा मिनिटांत दिसेनासे झाले. देखरेख करणाऱ्या मुकादमाने समाधानाने मान डोलावली, आणि आधीच्या अहवालातील वाक्य कोठून आले असावे हेही येथेच उमगले. छिद्रापासून हातभर अंतरावरील भेगेत वाकून पाहिले तर तिची आतली बाजू ओली झाली होती. पाणी मातीत मुरले नव्हते. ते भेगेत उतरून पसरले होते.

हे कसे घडते ते विश्वस्तांसाठी येथे सविस्तर लिहून ठेवतो. आपल्याकडील काळी माती दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन तयार झालेली असून तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या जातीचे चिकणखनिज मोठ्या प्रमाणात असते. या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यातील भेगा त्या आकसण्याच्या खुणा आहेत. पहिला चांगला पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर तीच जमीन पाण्याला जवळजवळ वाटच देत नाही. वसतिगृहाचे सांडपाणी रोज येणार असल्याने शोषखड्ड्याभोवतीची माती बाराही महिने ओलीच राहील. म्हणजे आराखड्याला हवे असलेले माप हे फुगून मिटलेल्या मातीचे आहे, आणि ते मिळवायचे तर चैत्रातच तिला आधी पोटभर पाणी पाजणे भाग आहे.

याच कारणासाठी सेप्टिक टाकीविषयीच्या भारतीय मानकात, आय.एस. २४७० मध्ये, प्रत्यक्ष माप घेण्यापूर्वी किमान चार तास आणि शक्यतो रात्रभर छिद्र भरून ठेवण्यास सांगितले आहे. काळ्या मातीसाठी एक रात्र मला अपुरी वाटते. म्हणून ख-१ आणि ख-२ ही दोन छिद्रे आणि त्यांच्या भोवतालचा दोन मीटरचा घेर सलग तीन दिवस भिजत ठेवणार आहे. छिद्रांवर ओले गोणपाट टाकले आहे. या उन्हात उघडे ठेवले तर वाफेने जाणारे पाणीही हिशेबात शिरेल.

१४ एप्रिल

मापे घेतली. छिद्रावर आडवी लाकडी पट्टी, तिला टेकवलेली पोलादी मोजपट्टी आणि पाण्यावर थर्माकोलचा तरंगता तुकडा, एवढेच साहित्य. पाणी खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणून दर अर्ध्या तासाने घट मोजली आणि पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरले. असे चार तास करून शेवटच्या अर्ध्या तासाची घट ग्राह्य धरली.

ख-१ मध्ये शेवटच्या अर्ध्या तासात ३ मिलिमीटर घट झाली आणि ख-२ मध्ये ४ मिलिमीटर. पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारा वेळ हे पाझराचे प्रमाण मानतात. त्या हिशेबाने ख-१ ला २५० मिनिटे लागतात आणि ख-२ ला सुमारे १८८. साठ मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणारी जमीन सांडपाणी जिरवण्यास अयोग्य समजली जाते. तीन दिवसांपूर्वी ज्या छिद्राने ३० सेंटिमीटर पाणी अकरा मिनिटांत गिळले होते, त्याच छिद्राचे हे माप आहे. आराखड्यातील शोषखड्डा या जागी बांधला असता तर पहिल्याच श्रावणात तो तुंबून मैलापाणी अंगणात आले असते, आणि तेथे राहणाऱ्या मुलींना ते सोसावे लागले असते.

आग्नेयेच्या मुरमात ख-४ ची घट ४१, ख-५ ची ३४ आणि ख-६ ची ४५ मिलिमीटर आली. म्हणजे अनुक्रमे १८, २२ आणि १७ मिनिटे. ही उत्तम जमीन आहे, आणि नेमकी तीच इमारतीखाली झाकली जाणार आहे. ईशान्येच्या ख-७ मध्ये ९० सेंटिमीटरवर अजून मातीच असल्याने ७ मिलिमीटर घट झाली, म्हणजे १०७ मिनिटे.

ख-३ मध्ये अर्ध्या तासाचे माप घेणे शक्यच झाले नाही. रात्रभर भिजवूनही १५ सेंटिमीटर पाणी चार मिनिटांच्या आत खाली गेले. पुन्हा भरले, पुन्हा तसेच.

१५ एप्रिल

ख-३ चे माप ऐकून सेप्टिक टाकी निंबाजवळ नेण्याची सूचना लगेच आली. तिला मी स्पष्ट विरोध नोंदवला आहे. मातीतून किंवा मुरमातून पाणी सावकाश झिरपते तेव्हाच त्यातील जंतू गाळले जातात आणि मरतात. खडकाच्या उघड्या सांध्यांतून पाणी धावते तेव्हा त्याची गाळणी होत नाही, ते फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून सांडपाण्याची जागा किमान १८ मीटर दूर असावी हा नियम मातीच्या जमिनीसाठी ठीक आहे, पण फुटीर कातळात त्या अंतरावर विसंबून राहता येत नाही. निंबापासून वायव्येस सुमारे ४० मीटरवर नानांची विहीर आहे आणि त्यांचे घर तेच पाणी पिते.

१९ एप्रिल

शंका तोंडी ठेवण्यापेक्षा तपासून पाहावी, असे नानांशी बोलून ठरले. त्यांच्या संमतीने रोज सकाळी मोटर सुरू होण्यापूर्वी विहिरीच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मोजत आहे. ते लिटरला ६१० ते ६३० मिलिग्रॅमच्या दरम्यान स्थिर आहे. आज २५ किलो खडेमीठ ड्रममध्ये विरघळवून ते पाणी ख-३ मध्ये सोडले आणि त्यामागून टँकरचे साधे पाणी दिले. विहिरीत चाळीस–पन्नास हजार लिटर पाणी असावे. सगळे मीठ एकदम तेथे पोहोचणे संभवत नाही, तरी मापे पूर्ववत होईपर्यंत घरच्या पिण्यासाठी टँकरमधून वेगळे पाणी पुरवण्याची व्यवस्था केली आहे.

२३ एप्रिल

२१ तारखेच्या सकाळी माप ६४५ होते, काल ६९० आणि आज ६८०. विहिरीवर दुसरा कोणताही बदल झालेला नाही. ख-३ आणि विहीर यांचा संबंध आहे, हे यावरून सिद्ध झाले असे मी मानतो. निंबाच्या परिसरात सांडपाण्याचा एक थेंबही सोडला जाणार नाही. हे वाक्य आराखड्याच्या नकाशावर लाल शाईने लिहायचे आहे.

हाच खडक पावसाच्या स्वच्छ पाण्यासाठी मात्र मोलाचा आहे, हे नानांनीच सुचवले.

२६ एप्रिल

आग्नेयेस ९० सेंटिमीटर खोल रुंद खड्ड्याच्या तळावर दुहेरी कड्यांची चाचणी घेतली. आतील कडे ३० सेंटिमीटर व्यासाचे, बाहेरील ६० चे. बाहेरील कड्यातील पाणी बाजूंना पसरते आणि त्यामुळे आतील कड्यातील पाण्याला सरळ खालीच जावे लागते. सुरुवातीची घट जलद होती. चार तासांनंतर ती ताशी १८ मिलिमीटरवर स्थिरावली.

छिद्रातील मापांनुसार याच जमिनीत पाणी ताशी ८२ मिलिमीटर उतरत होते, मग कड्यात १८ च का, असा प्रश्न वास्तुरचनाकारांनी विचारला आणि तो रास्त आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या छिद्रात तितकेच खोल पाणी असताना ते तळातून जाते तसे चारी बाजूंतूनही जाते. भिजलेले एकूण क्षेत्र तळाच्या पाचपट भरते. ८२ ला पाचाने भागले की १६ येतात, म्हणजे दोन्ही चाचण्या एकमेकींना दुजोराच देतात. छिद्रातील घट ही जमिनीची पारगम्यता समजून कोणी थेट पावसाच्या पाण्याच्या हिशेबात वापरली, तर खड्डा हवा त्याच्या पाचव्या हिश्श्याचा बांधला जाईल.

सांडपाण्याचे गणित याहून निराळे आहे. सेप्टिक टाकीतून येणाऱ्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्यामुळे चराच्या तळाशी काही महिन्यांत जिवाणूंचा काळसर चिकट थर तयार होतो आणि त्यानंतर जमिनीची क्षमता त्या थरावर अवलंबून राहते. मानकातील सूत्रात ही घट आधीच धरलेली आहे: २०४ ला पाझराच्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचे, म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाकाठी किती लिटर सोडता येईल ते मिळते. तिन्ही छिद्रांची सरासरी न घेता सर्वांत सावकाश असलेल्या ख-५ चे २२ मिनिटे हे माप मी धरले आहे, त्यावरून ४३.५ लिटर येतात. स्वच्छ पाण्यासाठी कड्याच्या चाचणीने दिवसाला ४३२ लिटर दाखवले होते. एकाच जमिनीच्या या दोन आकड्यांतील दसपट तफावत हेच शोषखड्डे काही वर्षांत निकामी होण्याचे मुख्य कारण आहे, कारण पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवसाच्या पाझरावर भरवसा ठेवून क्षेत्र ठरवले जाते.

वसतिगृहासाठी दर माणशी १३५ लिटर पाणी धरले, तर चौसष्ट जणांचे ८,६४० लिटर होतात. त्यातील सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे ६,९०० लिटर, सांडपाणी म्हणून परत येतील. त्यासाठी १५९ चौरस मीटर तळ हवा. एक मीटर रुंद आणि २४ मीटर लांब असे सात चर, दोन चरांत दोन मीटर अंतर, असा पट्टा आग्नेय भागात बसतो. चर समपातळी रेषेवर, म्हणजे उत्तर–दक्षिण घ्यायचे. उताराच्या दिशेने घेतले तर सारे पाणी खालच्या टोकाला साचेल.

३० एप्रिल

विश्वस्तांची बैठक झाली आणि चर्चा लांबली. मुरूम पायालाही हवा आणि पाण्यालाही हवा, हीच या जागेची खरी अडचण आहे. इमारत काळ्या जमिनीवर न्यावी असे कोणीच म्हटले नाही आणि ते योग्यच आहे; त्या मातीचा फुगवटा तपासला असता केरोसीनमध्ये १० मिलिलिटर राहिलेला नमुना पाण्यात १९ मिलिलिटरपर्यंत फुगला, म्हणजे ९० टक्के. अशा मातीवर साधा पाया टिकत नाही. शेवटी इमारत ईशान्येस सरकवण्याचे ठरले. तेथे मुरूम १.४ मीटरवर असल्याने पाया सुमारे ७० सेंटिमीटर अधिक खोल जाईल आणि खर्च वाढेल. इमारत आणि चर यांत किमान सहा मीटर अंतर राहील, चर इमारतीच्या वरच्या बाजूस नसून शेजारी राहतील, आणि त्यातील पाणी पायाखालून न जाता नैर्ऋत्येस नाल्याच्या दिशेने सरकेल.

वाढीव खर्चाला एका ज्येष्ठ विश्वस्तांचा विरोध होता. त्यांना ख-१ पाशी नेऊन छिद्रात भरलेले पाणी अर्ध्या तासाने दाखवले. पट्टीवरची ओल जेमतेम हलली होती. त्यांनी तेथेच संमती दिली.

चरांचा पट्टा आजच दोरी आणि खुंट्या लावून बंद केला आहे. बांधकाम चालू असताना त्यावरून ट्रॅक्टर, मिक्सर किंवा जेसीबी फिरला, विटा–वाळूचे ढीग पडले, तर मुरूम दबेल आणि सारी मापे निरर्थक ठरतील.

१८ जून

पहिला मोठा पाऊस. पश्चिमेकडील भेगा दोन दिवसांत मिटल्या.

२२ ऑगस्ट

आग्नेय आणि पश्चिम भागात मे महिन्यात बसवलेल्या निरीक्षण नळ्यांत पाण्याची पातळी मोजली. ११० मिलिमीटरच्या छिद्रे पाडलेल्या या पीव्हीसी नळ्यांना बाहेरून गाळणीचे कापड गुंडाळले आहे. पश्चिमेस पाणी जमिनीखाली अवघ्या ४० सेंटिमीटरवर आहे, आग्नेयेस ३.१ मीटरवर. ख-१ जवळच नवे छिद्र घेऊन, पावसाने आपोआप भिजलेल्या मातीत चाचणी करायची होती. मात्र छिद्रात आधीच पाणी उभे असल्याने ती तेथे शक्य झाली नाही. थोडे वर, पाण्याच्या पातळीच्या बाहेर, उथळ छिद्र घेतले तेव्हा अर्ध्या तासात २ मिलिमीटर घट मिळाली. एप्रिलमध्ये तीन दिवस भिजवून मिळालेले ३ मिलिमीटर आणि निसर्गाने भिजवून मिळालेले हे २, यांत फारसे अंतर नाही. उन्हाळ्यात चाचणी घ्यावी लागली तरी धीर धरून जमीन भिजवल्यास विश्वासार्ह माप मिळते, याची खातरजमा झाली.

५ सप्टेंबर

पावसाच्या पाण्याचा आराखडा पूर्ण केला. या पट्ट्यात वर्षाचा पाऊस साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर असला तरी तो मोजक्या जोरदार सरींत पडतो. म्हणून हिशेब वर्षाचा न करता एका सरीचा केला. छत ४२० चौरस मीटर, तासाला ५० मिलिमीटरची सर आणि पंच्याऐंशी टक्के पाणी हाती येते असे धरले, तर तासाभरात १७,८५० लिटर. हे पाणी वाळू–खडीच्या गाळणीतून निंबाजवळच्या भरण खड्ड्यात, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत उतरवण्याच्या खड्ड्यात, जाईल. प्रत्येक पावसाळ्यातील पहिल्या सरींचे छत धुतलेले पाणी वेगळ्या झडपेने नाल्याकडे काढायचे, ही नानांची अट असून ती त्यांनी न घालताही मी घातली असती. अंगणातील आणि स्वयंपाकघराजवळील पाणी मात्र या खड्ड्याकडे वळू नये म्हणून त्याच्या भोवती ३० सेंटिमीटर उंचीचा पक्का कठडा दाखवला आहे.

१२ सप्टेंबर

नळ्यांतील मापे पुन्हा घेतली. आग्नेयेस पाणी ३.० मीटरवर आहे. चरांचा तळ ९० सेंटिमीटरवर निश्चित केला, त्यामुळे पावसाळ्यातील सर्वोच्च पातळीपासून दोन मीटरहून अधिक कोरडा थर मध्ये राहतो. सात चरांपैकी चार एका वेळी चालतील आणि तीन विसावा घेतील अशी योजना काही जणांनी सुचवली होती, पण चार चरांचे क्षेत्र पुरत नसल्याने सातही चालू ठेवून त्यांच्या पूर्वेस आणखी तीन चरांपुरती मोकळी जागा राखीव दाखवली आहे. वाटप टाकीतून सातही चरांना समान पाणी जावे यासाठी सर्व नळ्यांची तोंडे पाणपातळी लावून एकाच उंचीवर बसवायची आहेत. चर भरण्याआधी त्यांचे तळ जेसीबीच्या बकेटने घासून गुळगुळीत झालेले असतील; ते दंताळ्याने ओरखडल्याशिवाय आणि मी स्वतः पाहिल्याशिवाय खडी टाकू नये, असे ठेकेदाराला लेखी कळवले.

नकाशे आज सहीसाठी पाठवले. छिद्रांची ठिकाणे, भिजवण्याचा कालावधी आणि शेवटच्या अर्ध्या तासाची मापे नकाशाच्याच पानावर छापली आहेत, म्हणजे पुढे कोणी येथे दुसरी इमारत जोडायला आला तर त्याला जमिनीची माहिती शोधत फिरावे लागणार नाही.